नव्या लॅपटॉपमधला कृष्णाबाईंचा तानपुरा

शनिवारी सकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर नवा लॅपटॉप एक, मेलेला लॅपटॉप एक, चार्जर तीन (त्यातला एक कशालाच न लागणारा), सीडी एक, दुसऱ्याच कुठल्यातरी सीडीची डबी एक आणि खाऱ्या शेंगदाण्यांची वाटी एक, एवढा ऐवज होता. टेबलाभोवती माणसं चार. सीडी घालायची खाच फक्त एक, आणि ती मेलेल्या लॅपटॉपला.

चार माणसं म्हणजे साधनामावशी, तिचे यजमान दत्तप्रसादकाका, त्यांची तेरा वर्षांची सृष्टी आणि मी, ओवी. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. आहे. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात एका प्रयोगशाळेत काम करते आणि दुबईतल्या करामा भागात मावशीकडे राहते. कारखान्यांचे दाबमापक आणि तापमापक खरं बोलतात की नाही, हे तपासणं माझं काम. पण आमच्या बिल्डिंगमध्ये एम.एस्सी.चा अर्थ 'हिला कॉम्प्युटरमधलं कळतं' असा होतो. मी आजवर तीन प्रिंटर, एक वायफाय आणि एकदा मिक्सरसुद्धा पाहिलेला आहे. मिक्सर मी दुरुस्त केला नाही. फक्त पाहिला, आणि तो सुरू झाला. तेव्हापासून माझं नाव झालं ते झालं.

जुना लॅपटॉप जुलैत गेला. काकांनी तो गाडीच्या सीटवर ठेवला आणि कोथिंबीर आणायला गेले. कोथिंबीर घेऊन परत आले तेव्हा त्याच्यावर पोळी शेकता आली असती.

लॅपटॉप जाण्याचं दुःख कुणालाच नव्हतं. दुःख होतं ते त्यातल्या 'जवारी' नावाच्या सॉफ्टवेअरचं. वीस वर्षांपूर्वी मिरजेच्या एका हौशी माणसाने सात तानपुरे ध्वनिमुद्रित करून ते बनवलं. बटण दाबलं की हवा तो तानपुरा हव्या त्या पट्टीत वाजतो. त्यातला चौथा तानपुरा कृष्णाबाईंचा. काका सांगलीत इंजिनिअरिंग शिकत असताना सहा वर्षं त्यांच्याकडे गाणं शिकले. (इंजिनिअरिंग चार वर्षांचं असतं. उरलेल्या दोन वर्षांविषयी घरात बोलत नाहीत.) कृष्णाबाई गेल्या, आणि पुढे घर बदलताना त्यांचा तानपुरा टेम्पोत फुटला. म्हणजे त्या तानपुऱ्याचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, शेंगदाण्यांच्या वाटीशेजारी.

आणि तो आत्ताच हवा होता, कारण महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी पहाटेला यंदा काका गाणार होते. बारा मिनिटं, राग देसकार. लग्नानंतर ते स्टेजवर कधी चढलेच नव्हते. चढले होते ते एकदाच, कंपनीने पंधरा वर्षं नोकरी केल्याबद्दल घड्याळ दिलं तेव्हा.

"पप्पा, जस्ट यूज द अ‍ॅप," सृष्टी म्हणाली. "फ्री आहे."

"त्या अ‍ॅपमध्ये तानपुरा आहे गं. कृष्णाबाईंचा नाही."

"सेम साउंड, पप्पा."

काकांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिने शेंगदाण्यांची वाटी उचलली आणि ती आत गेली.

समोरच्या फ्लॅटमधल्या नबिलाआपा दार उघडं दिसलं म्हणून डोकावल्या. त्या हैदराबादच्या. एका क्लिनिकमध्ये रिसेप्शनला असतात आणि त्यामुळे त्यांना प्रत्येक विषयावर प्राथमिक उपचार ठाऊक असतो. "अरे बेटा, यूट्यूब पे तानपुरा डाल दो ना. दस घंटे का आता है. मेरी सास उसी पे सोती है."

मी खाली दुकानात जाऊन सीडी वाचायचं बाहेरून जोडायचं यंत्र घेऊन आले. "साठ दिरहम," मी सांगितलं. "म्हणजे चौदाशे रुपये!" काका उद्गारले. पण देसकारची किंमत रुपयांत करायची नाही असं त्यांनी ठरवलं असावं, कारण पुढचा उद्गार आलाच नाही.

सीडी फिरली. नव्या सिस्टीमने तिच्याकडे बघितलं आणि कळवलं, की हा प्रोग्रॅम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही. मी 'जुन्या पद्धतीने चालवा' असा पर्याय निवडला. तोच निरोप. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिलं. तोच निरोप, पण आता अधिकाऱ्याशी बोलावं तसा एक 'प्लीज' लावून. सीडीतल्या आवाजाच्या फाइली थेट काढून घ्याव्यात म्हटलं, तर त्या मिरजकरांनी कुलूपबंद करून ठेवलेल्या. उघडल्यावर नुसते चौकोन दिसले.

शेवटी मी शास्त्रीय मार्ग धरला. नव्या कॉम्प्युटरच्या आत एक खोटा, जुना कॉम्प्युटर तयार करायचा. त्यात जुनं विंडोज एक्सपी घालायचं आणि त्याच्या आत 'जवारी'. आतल्या कॉम्प्युटरला वाटत राहतं की आपण वीस वर्षांपूर्वीच आहोत.

"म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर?" मावशीने विचारलं.

"हो."

"मग याला काय खायला घालायचं, डिंकाचे लाडू?"

दुपारपर्यंत आतला कॉम्प्युटर जन्माला आला. निळं आकाश, हिरवी टेकडी. काकांना एवढा आनंद झाला, की त्यांनी टेकडीला नमस्कार केला आणि ते अंघोळीला गेले. 'जवारी' मुकाट्याने उतरलं, उघडलं, आणि त्याने एक आठ आकडी संख्या दाखवून सांगितलं: ही संख्या पुढील क्रमांकावर फोन करून कळवावी व किल्ली प्राप्त करावी. खाली मिरजेचा नंबर.

व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल इथून लागत नाही, म्हणून मी साधा फोन लावला. मिनिटांचा मीटर सुरू झाला.

"डेंटल क्लिनिक," पलीकडून एक बाई म्हणाल्या. "दाढ की रूट कॅनाल?"

मी सॉफ्टवेअर, तानपुरा, दुबई असं क्रमाने सांगितलं.

"अगंबाई, दौलतराव का? त्यांनी हा गाळा आम्हाला विकला. समोरच राहतात. थांबा, हाक मारते." मग मला दुबईत बसून मिरजेतला एक अख्खा रस्ता ऐकू आला. रिक्षा, एक कुत्रा, "ओ दौलतरावऽऽ", आणि सावकाश जवळ येणाऱ्या चपला. दौलतरावांचा वेग मी चपलांवरून काढला. तो फार नव्हता.

"बोला."

मी आठ आकडे सांगितले.

"हां. आता सा लावा."

"काय?"

"सा. षड्ज. माझा नियम आहे. कॉपी करून विकणारे लोक येतात ना, त्यांना सा येत नाही. ज्याला सा येतो त्याला किल्ली. गेली वीस वर्षं हीच पद्धत आहे, एक कॉपी बाहेर गेलेली नाही."

सुरक्षेच्या अनेक पद्धती मी वाचल्या आहेत. ही कुठे आढळली नव्हती. पण मीटर चालू होता. मी मान ताठ केली आणि सा लावला. माझ्या मते तो सा होता.

पलीकडे बराच वेळ फक्त कुत्रा ऐकू येत होता.

"बाळ, तुझं शिक्षण काय?"

"एम.एस्सी. फिजिक्स."

"बरोबर," दौलतराव म्हणाले. "घरात दुसरं कोणी आहे का?"

मी बाथरूमचं दार वाजवलं. काका टॉवेल गुंडाळून, केसांना फेस लागलेला, तसेच बाहेर आले आणि फोन कानाला लावून हॉलच्या मधोमध उभे राहिले. डोळे मिटले. सा लावला.

"ओह माय गॉड," सृष्टी दारातून म्हणाली. "पप्पा कस्टमर केअरला गाणं म्हणतायत."

मग दौलतरावांचा आवाज एकदम मऊ झाला. "कृष्णाबाईंकडचे का हो तुम्ही?"

काकांनी नुसती मान हलवली. फोनवर मान दिसत नाही म्हणून मी "हो" म्हणून सांगितलं. किल्ली मिळाली. काकांनी ओल्या बोटाने चौथ्या तानपुऱ्यावर टिचकी मारली, पेटीवरची आपली पट्टी 'पांढरी दोन' निवडली, आणि करामातल्या त्या हॉलमध्ये कृष्णाबाईंचा तानपुरा बोलू लागला. मावशीने गॅस बंद केला. नबिलाआपा आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने काका म्हणाले, "बाई आज जरा घाईत आहेत."

या वाक्याकडे मी लक्ष द्यायला हवं होतं. पण मी त्या वेळी बिल्डिंगमधून येणारं अभिनंदन स्वीकारण्यात गुंतले होते.

दुसऱ्या दिवसापासून रियाज सुरू झाला आणि काकांचा गळा बिघडला.

खालच्या सुरांत ते ठीक असायचे. पण देसकार हा वर राहणारा राग. सगळं वरच्या सा भोवती फिरतं. काका तिथे पोचायचे आणि आवाज चिरकायचा. पुन्हा चढायचे, पुन्हा चिरकायचा. पहिल्या दिवशी एसीला दोष दिला आणि एसी बंद केला. त्यामुळे आम्ही सगळेच चिरकू लागलो. मग मावशीने ज्येष्ठमध आणला. नबिलाआपांनी येमेनचा मध आणला आणि कडक चहा बंद करायला सांगितला. काकांच्या ऑफिसातल्या कुणीतरी कोमट पाण्यात हळद सुचवली, कुणीतरी हळद अजिबात नको असं सुचवलं. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी गळ्याला लोकरीचा मफलर सांगितला. बाहेर छत्तीस डिग्री होतं. काकांनी मफलर गुंडाळला.

डॉक्टरने घशात दिवा घालून पाहिलं आणि घसा उत्तम आहे म्हणून सांगितलं. हे ऐकून काका जास्तच खचले. "घसा उत्तम आहे आणि आवाज जात नाही, म्हणजे दोष माझाच. बावन्न वर्षं झाली. खलास."

"अहो, असं काय बोलता?"

"साधना, ज्या तानपुऱ्यावर मी शिकलो, त्याच तानपुऱ्यावर आता पोचता येत नाही. दुसरा अर्थ काय याचा?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी ज्येष्ठमधाचा काढा गरम करायला ठेवला.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी परेश पेटी घेऊन आले. परेश म्हणजे काकांचे वीस वर्षांचे मित्र, पेशाने ऑडिटर. पेटी वाजवतात तीही ताळेबंद तपासल्यासारखी. त्यांनी भाता उघडला, पांढरी दोन दाबली आणि चेहरा वाकडा केला.

"दत्ता, तुझा तानपुरा चढलाय."

"तानपुरा कसा चढेल? स्क्रीनवर लिहिलंय बघ. पांढरी दोन."

परेशनी काळी दोन दाबली. तानपुरा तिच्याही वर. पांढरी तीन दाबली. तानपुरा खाली. ते पेटीवर वाकून दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीकडे बघू लागले. "दत्ता, तुझा सा इथे आहे. या फटीत. फटीत मी बोट घालू का?"

"तुझी पेटी उतरलीये. समुद्राची हवा."

"माझी पेटी उतरलीये?"

"मग काय कृष्णाबाईंचा तानपुरा खोटा?"

"हे बघ, मी ऑडिटर आहे. जी नोंद पेटीत नाही, ती मी वाजवत नाही."

"मग नको वाजवूस!"

परेशनी भाता मिटला. चहा आला होता, त्याला त्यांनी हात लावला नाही. वीस वर्षांत मावशीचा चहा टाकून उठणारा हा पहिला माणूस. नेमका तेव्हाच मंडळाच्या चिटणीस कुंदाताईंचा फोन आला. मावशीने चुकून स्पीकर लावला.

"भाऊजी, तुमचं नक्की ना? कार्यक्रमपत्रिका आज छापायला जातेय. नसेल जमत तर मोकळेपणाने सांगा. त्या जागेवर लेझीम तयार आहे, मुलं रोज विचारतायत."

काका मफलरशी चाळा करत राहिले. "कुंदाताई," ते म्हणाले, "मला वाटतं..."

"पाच मिनिटं द्या!" मी ओरडले.

मी का ओरडले ते मला नंतर कळलं. दोन माणसं भांडत होती आणि दोघंही आपापल्या गोष्टीवर अडून होती. एक म्हणत होता पेटी खोटी, दुसरा म्हणत होता तानपुरा खोटा. रोज सकाळी आठ वाजता मी याच भांडणासाठी शारजाला जाते. त्याचाच मला पगार मिळतो.

मी फोनवर कंपनसंख्या मोजायचं अ‍ॅप उघडलं. "परेशकाका, पांढरी दोन."

त्यांनी दारातूनच परत येऊन, भाता अर्धवट उघडून, अपमानित बोटाने पट्टी दाबली. एकशे शेहेचाळीस पूर्णांक नऊ. पांढरी दोन एकशे शेहेचाळीस पूर्णांक आठला असते. म्हणजे पेटी जवळपास निर्दोष.

मग तानपुरा. एकशे एकोणसाठ पूर्णांक आठ.

मी भागाकार केला. एक पूर्णांक शून्य आठ आठ. ही संख्या कुठेतरी भेटली होती. मी आतल्या कॉम्प्युटरच्या आवाजाचं सेटिंग उघडलं, आणि ती तिथेच बसली होती. जुन्या सीडीतला आवाज सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर तुकडे, या हिशोबाने साठवलेला. माझा खोटा कॉम्प्युटर ते तुकडे अठ्ठेचाळीस हजारांच्या वेगाने वाजवत होता. कॅसेट जोरात फिरवली की बाईमाणसाच्या आवाजाचं बाळ होतं, तसं. अठ्ठेचाळीस हजारांना चव्वेचाळीस हजार शंभरने भागा. एक पूर्णांक शून्य आठ आठ.

"म्हणजे मराठीत?" मावशी म्हणाली.

"म्हणजे तानपुरा दीड पायरी वर वाजतोय. आणि काका इतके दिवस त्याच्याबरोबर दीड पायरी वर गातायत."

"आणि कॉम्प्युटर बसवला कोणी?" मावशीने शांतपणे विचारलं.

"मी."

"जगाची मीटरं तपासते, घरचं तपासायला वेळ नाही."

मी सेटिंग बदललं. एक यादी उघडायची, एक आकडा निवडायचा. तानपुरा हळू झाला, खाली आला आणि रुंद झाला. बाई आता घाईत नव्हत्या.

काका मफलर सोडत होते. "ओवी, म्हणजे माझा गळा..."

"ठीक आहे. ठीक म्हणजे, तुम्ही मधूनमधून जिथे पोचत होता, तिथे पोचायची गरजच नव्हती."

"आणि माझी पेटी?" परेशनी विचारलं.

"बरोबर होती."

"जरा मोठ्याने सांग. याला ऐकू कमी येतं."

"परेश," काका म्हणाले, "चहा गार झाला. साधना, याला दुसरा टाक. आणि मलाही, कडक."

मावशीने ज्येष्ठमधाचा काढा बेसिनमध्ये ओतला. स्पीकरमधून कुंदाताई म्हणाल्या, "मी सगळं ऐकलं. मला काही समजलं नाही. लेझीम की देसकार?"

"देसकार," पाचही जण म्हणालो. सृष्टीसुद्धा.

दिवाळी पहाटेला शाळेचं सभागृह भरलं होतं. लॅपटॉप सांभाळायची जबाबदारी माझी. ध्वनिव्यवस्थेच्या भाईंनी लॅपटॉपला आपली केबल जोडली, "ओके, यल्ला, चलो," म्हणाले आणि गेले. पडदा अजून बंद होता. काका झब्बा नीट करून बसले, परेशनी पेटी पुढे ओढली, मी चौथा तानपुरा सुरू केला, आणि परेशचा चेहरा वाकडा झाला.

मला न मोजताच कळलं. नवी केबल म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी नवं यंत्र. नवं यंत्र म्हणजे पुन्हा अठ्ठेचाळीस हजार.

"ओवी," काका पुटपुटले, "बाई परत पळतायत."

"दोन मिनिटं," मी पडद्याच्या फटीतून कुंदाताईंना खूण केली.

कुंदाताई माईकपाशीच होत्या. त्यांनी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या. त्या आधीच देऊन झाल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात अजून वर होता. "एक सूचना," त्या म्हणाल्या. "गेटसमोर एक पांढरी एसयूव्ही लागली आहे. ज्यांची असेल त्यांनी कृपया हलवावी."

करामात आणि आसपास ज्या माणसाकडे गाडी आहे, त्याच्याकडे पांढरी एसयूव्ही आहे. निम्मं सभागृह उभं राहिलं. खुर्च्या सरकल्या, किल्ल्या वाजल्या, बायका "अहो, आपली नाही, आपली मागे आहे" म्हणू लागल्या. ते सगळे बाहेर जाऊन, आपली नाही याची खात्री करून परत येईपर्यंत मला यादीही सापडली आणि आकडाही. परेशनी पांढरी दोन दाबली. पेटी आणि तानपुरा एकमेकांत मिसळले. त्यांनी मान हलवली आणि पहिल्यांदाच पेटीकडे न बघता काकांकडे पाहिलं.

पडदा उघडला. पहिल्या रांगेत मावशी होती, तिने सृष्टीचा हात धरला होता. सृष्टीने तो सोडवून घेतला नव्हता. काकांनी खालचा सा लावला आणि घाई न करता देसकार उलगडायला लागले. बारा मिनिटांतली आठ गेली. मग ते वर निघाले. परेशनी पेटी हलकी केली. मी पडद्यामागे मोजायचं अ‍ॅप उघडून फोन हातात घेतला. काकांनी डोळे मिटले आणि वरचा सा लावला.

दोनशे त्र्याण्णव पूर्णांक सहा हर्ट्‌झ, पांढरी दोनच्या बरोबर दुप्पट. अकरा सेकंद.